शिवम्मा-माणिकप्पाचं भांडण

२ जानेवारी २०१८, मंगळवार

ही डायरी क्लासची आहे. दर वर्षी सगळ्या सरांना एकेक मिळते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या एखाद्या गुणवंताचा फोटो आणि मार्क छापलेले असतात. आजच्या पानावर चष्मा लावलेली एक मुलगी आहे. मी काहीतरी चुकीचं लिहिणार, अशा नजरेनं ती माझ्याकडं बघते आहे. आजवर या डायऱ्या मी गणितं सोडवायला वापरल्या. मनातलं लिहायची सवय नाही. पण घरात बोलायला कोणी नाही आणि गणित सुचत नाही, म्हणून लिहितो.

रविवारी पहाटे आजी गेली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात बसून तिनं भज्जी खाल्ली होती, आणि मी आंबील कमी प्यायलो म्हणून मला बोलली होती. नंतर जे अंथरूण धरलं ते धरलंच. संध्याकाळी शेतात आजोबांच्या शेजारी तिला माती दिली. माझे आई-वडील भूकंपात गेले, तेव्हापासून मला आजीनंच सांभाळलं. सगळे रडत होते. मी पाण्याच्या टँकरवाल्याला रस्ता दाखवत होतो. नंतर कळलं, टँकर आमच्याकडं कोणी मागवलाच नव्हता. तो दुसऱ्या गावचा होता.

सुकन्या आणि गिरिजा नांदेडहून वेळेत पोचल्या. सुकन्या माझी बायको. तिथल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. गिरिजा, आमची मुलगी, तिच्याजवळ राहून अकरावी करते. मी लातूरला गणित शिकवतो. अख्ख्या महाराष्ट्रातून लोक पोरं घेऊन लातूरला येतात आणि लातूरच्या गणिताच्या सरांची मुलगी नांदेडला शिकते. लोक कारण विचारतात. मी म्हणतो, हवापालट.

परतताना जीपमध्ये सुकन्या म्हणाली, "नांदेडला फ्लॅट बघतेय. भाड्याचा नाही, कायमचा. महिनाअखेरीला सांगायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर."

कधी नव्हे ते चटकन उत्तर दिलं. त्यानंतर औसा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर अंधार होता. तिला काय दिसत होतं कोणास ठाऊक.

४ जानेवारी, गुरुवार

आमच्या संचालकांनी क्लाससमोर आजीच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. आजीचा फोटो, दोन समया, आणि खाली 'नवीन बॅच १५ जानेवारीपासून'. दोन पालक प्रवेशाची चौकशी करून गेले. एकानं विचारलं, ह्या बाई कोणता विषय घ्यायच्या?

दुपारी गावाहून गुरुपादप्पा काकांचा फोन. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. अकरा तारखेला शिवगण आराधना, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, ठेवली आहे.

"स्वामी बोलतील, मंग सरपंच, मंग तू," काका म्हणाले.

"मी काय बोलू?"

"मास्तर हायस की. रोज बोलतूस."

"ते गणित असतं काका."

"मंग पाच मिनटं आई-अप्पावर बोल. आदर्श जोडपं, असं कायतरी. फ्लेक्सवर बी तसंच छापाय दिलंय."

म्हणजे फ्लेक्स आधी आणि माहिती नंतर. आमच्या क्लाससारखंच.

५ जानेवारी, शुक्रवार

कागद घेऊन बसलो. आजी-आजोबांबद्दल मला काय माहीत आहे ते लिहून काढावं, मग त्याचं भाषण करावं, असा बेत होता. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

आजोबा माणिकप्पा. कमी बोलायचे. आजी शिवम्मा. तिचं माहेर पलीकडं कर्नाटकात, औरादकडं. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या रात्री दोघं उडदाची रास राखायला शेतात झोपले होते, म्हणून वाचले. आई-वडील घरात होते. काका सोलापूरला कामाला होते आणि मी लातूरला अकरावीत होतो, म्हणून आम्ही दोघं वाचलो. पुढं किल्लारीजवळ आमचं गाव नव्या जागेवर वसलं तेव्हा आमच्या कुटुंबाला दोन घरं मिळाली. एका घरात काका आणि त्यांच्याजवळ आजोबा. गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या घरात आजी. मी सुट्टीत आजीकडं उतरायचो. आजोबा जाईपर्यंत दोघं असेच वेगळे राहिले.

याला आदर्श जोडपं कसं म्हणायचं?

मला वाटायचं, मुलगा-सून गेल्यावर त्यांचं बिनसलं असावं. कोणी बोललं नाही, मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुकच वाटायचं. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. समजूतदारपणे दोन घरं. सुकन्याला नांदेडची नोकरी आली तेव्हा मीही तसंच वागलो. तिच्या खोक्यांवर स्केचपेननं नावं घातली, शेगडी पोत्यात बांधून दिली. टेम्पोवाला म्हणाला, सर, पॅकिंग एक नंबर. सुकन्या दारातच उभी होती.

७ जानेवारी, रविवार

रविवारी मुलांची टेस्ट असते आणि सरांना सुट्टी. गावी गेलो. आजीच्या घराचं कुलूप काढून झाडलोट केली आणि समोरच्या रहमतबीकडं गेलो. रहमतबी म्हणजे आजीची मैत्रीण. तिचा नवरा जिलानी शिंपी होता, तोही आता नाही. तिला भाषणाचं सांगितलं. म्हटलं, दोघांची एखादी चांगली आठवण सांग.

"आदर्श जोडपं?" रहमतबी पान कुटता कुटता थांबली. "सरकारी कागदावर तं तुझी आजी नवऱ्यानं टाकलेली हाय."

मला वाटलं, वय झालंय, दुसऱ्या कुणाचं तरी सांगते आहे.

"हाव रे. मीच साक्षीला हुते. मी आन् माझा जिलानी."

मग तिनं सांगितलं ते मी जसं आठवतंय तसं लिहितो.

भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. वेगळं कुटुंब असेल तर वेगळं घर मिळणार, अशी शेडमध्ये बातमी पसरली होती. जमीन आजोबांच्या नावावर, म्हणजे घर एक. ते पुढं काकांचं होणार. आजी म्हणाली, मग सुदर्शनचं, म्हणजे माझं, काय? त्याला बाप नाही. उद्या चुलत्याशी पटलं नाही तर पोरानं कुठं जायचं? तेव्हा आपण दोघं फारकत घेतली असं सांगू.

"तुझा आजा म्हन्ला, आता ह्या वयात लोक काय म्हणतील? शिवम्मा म्हन्ली, ऱ्हायलेत कुठं लोक म्हणाया?"

साहेब येऊन खात्री करणार होते. म्हणजे भांडण दाखवणं आलं. आणि आजोबांना भांडता येत नव्हतं. जिलानी दर वर्षी गणपतीच्या नाटकात फौजदाराचं काम करायचा. त्यानं रोज संध्याकाळी शेडच्या मागं आजोबांची शिकवणी सुरू केली. डोक्यावर टोपी घालून तो साहेब व्हायचा आणि आजोबांनी त्याच्यासमोर आजीला शिव्या द्यायच्या.

"पर त्याच्या तोंडातून शिवीच निघंना," रहमतबी म्हणाली. "जिलानी म्हणायचा, भाई, सटवे तरी म्हना. तुझा आजा म्हणायचा, कशी म्हणू? सुदर्शनची आजी हाय ती."

"मग?"

"मंग तुझ्या आजीनंच युगत काढली. म्हन्ली, शिव्या जमत न्हाईत तं ऱ्हाऊ द्या. माझ्या माहेरच्या बोलीत भाज्यांची नावं घ्या. जोरात घ्या म्हंजे झालं. सायेब हाय तिकडं लांबचा, त्याला काय कळतंय?"

साहेब आले त्या दिवशी शेडमधली सगळी माणसं जमली. आजोबा मधे उभे राहिले, डोळे मिटले आणि ओरडले, "बदनेकायी! हागलकायी! नुग्गेकायी!" म्हणजे वांगं, कारलं आणि शेवगा. आमच्या गावात निम्म्या लोकांना कन्नड कळतं. बायकांनी पदर तोंडात कोंबले. साहेबांनी जिलानीला विचारलं, काय म्हणतोय हा माणूस? जिलानी म्हणाला, साहेब, बाईमाणसासमोर सांगण्यासारखं नाही.

हे सांगताना रहमतबी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. मीही हसलो असेन. आजोबा भाज्या ओरडताहेत, हे मला डोळ्यांसमोर आणताच येईना. मी त्यांना जेवायला वाढा म्हणतानाही कधी ऐकलं नव्हतं.

"मंग शिवम्माची पाळी," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तिनं बी भाज्याच म्हणायच्या हुत्या. येक म्हन्ली आन् थांबली. मंग मराठीत बोलाय लागली. म्हन्ली, लेक गेला, सून गेली, तुमी माझ्यासमोर येकदा तरी रडलाव का? का समदं मी येकटीनंच रडायचं?"

"हे पण शिकवलेलं होतं?"

"न्हाई रे बाबा. हे कोण शिकवंल? जिलानी माझ्याकडं बघाय लागला, मी त्याच्याकडं. तुझा आजा आधी नुसता उभा. मंग खाली मातीत बसला आन् असा रडला, असा रडला, की समदी शेड रडली. सायेब म्हन्ला, बस करा, लिहितो मी. लिहिलं आन् गेला."

मी विचारलं, "मग घर मिळाल्यावर परत एकत्र का नाही राहिले?"

"पैलं भेवानं. सायेब फिरून आला तं? मंग गोडी लागली."

"कसली गोडी?"

रहमतबीनं माझ्याकडं बघितलं. मी वर्गात कधी कधी एखाद्या मुलाकडं असं बघतो.

"जुन्या घरात पंधरा-वीस माणसं. सासू हुती, जावा हुत्या. नवरा-बायकोनं येकमेकाचं नाव घ्याचं न्हाई, चार माणसात बोलायचं न्हाई. त्याला तं 'अगं ए' म्हणायची बी चोरी. ह्या घरात ती येकटी. आन् कागदावर नवरा न्हाई, मंग नाव घ्याला काय हरकत? रोज दिवस कलला की तुझा आजा आंघूळ करून, धुतलेलं धोतर नेसून यायचा. पैल्या दिवशी तं समदी घरं सारखी म्हणून माझ्याच घरात शिरला. भाईर उभा ऱ्हाऊन हाक द्यायचा, शिवम्मा हाय का घरात? आन् ती आतून, कोण, माणिकप्पा का? या की. आन् दोघं हसायची. साठीच्या म्होरची माणसं, बेटा. मला लाज वाटायची, मी दार लावून घ्याची."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"शिवम्माच म्हन्ली, सुदर्शनला सांगू नगा. त्यो खरं बोलतो."

आधी बरं वाटलं. जीपमध्ये बसल्यावर बरं वाटायचं थांबलं.

निघताना रहमतबी म्हणाली, "सुट्टीत तू यायचास आन् दोघांच्या मधी वही घिऊन बसायचास. हालायचाच न्हाईस. तुझा आजा लई कावायचा. शिवम्मा मंग तुला दुकानी धाडायची."

आठवतंय मला. संध्याकाळी आजोबा यायचे ते मला भेटायला, असंच मी धरून चाललो होतो. आजीला दर संध्याकाळी हिंग लागायचा. मला वाटायचं, या बाईच्या स्वयंपाकात हिंग फार. अभ्यास बुडू नये म्हणून मी पळत जायचो आणि पळत परत यायचो.

८ जानेवारी, सोमवार

म्हणजे आमच्या घराण्यातला पहिला कोचिंग क्लास पत्र्याच्या शेडमागं भरला होता. विद्यार्थी एक, शिक्षक दोन, निकाल शंभर टक्के. संचालकांना सांगितलं तर तेही फ्लेक्सवर घेतील.

काकांना फोन केला. विचारलं, हे खरं का?

"हळू बोल," काका म्हणाले. फोनवर मी एकटाच होतो. तेही घरात एकटेच होते.

"काका, पंचवीस वर्षं झाली."

"सरकारचं काय सांगावं? आन् ते घर तुझं हाय, माझं न्हाई. गेलं तं तुझं जाईल. भाषणात ह्यातलं काय बी काढू नगंस."

मुलांना कॉपी करताना पकडल्यावर मी प्रामाणिकपणावर बोलतो. ते बोलणं ऐकून एकदा एक पालक रडले होते. आणि माझ्या डोक्यावरचं छप्पर तीन भाज्यांच्या जोरावर मिळालेलं आहे. तसं बघितलं तर चार. आजीनंही एक घेतली होती.

रात्रीचं जेवण झाल्यावर सुकन्याशी बोललो. गिरिजाचे टेस्टमधले मार्क, गॅसचा नंबर, आराधनेला किती वाजता निघायचं ते. फ्लॅटचं ती बोलली नाही, म्हणून मीही बोललो नाही. आमचं एक बरं आहे, बोलण्यावरून कधी वाद होत नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

काल आराधना झाली. मांडव भरला होता. स्टेजवर फ्लेक्स: 'आदर्श दांपत्य'. आजी-आजोबांचा एकत्र फोटो कुठंच सापडला नाही म्हणून दोन फोटो जोडले होते. आजोबा चाळिशीचे आणि आजी ऐंशीची दिसत होती.

भाषण पाठ केलं होतं. कष्टाळू, सोशिक, मनमिळाऊ, असे शब्द होते. उभा राहिलो आणि समोर मागच्या रांगेत गावातले जुने म्हातारे दिसले. ते सगळे त्या दिवशी शेडमध्ये असणार. त्यांच्यासमोर मनमिळाऊ म्हणायचा धीर होईना.

मी म्हणालो, "आजी-आजोबा वेगळ्या घरांत राहायचे. मला वाटायचं, ते एकमेकांशी बोलत नाहीत."

काकांना खोकला लागला.

"त्यांचं आयुष्यात एकदाच भांडण झालं. तेव्हा मी लातूरला शिकत होतो. ऐकायला असायला हवा होतो."

पुढचं सुचेना. नमस्कार केला आणि बसलो. पाच मिनिटं ठरलेली असताना मी सरपंचांच्या नुसत्या प्रस्तावनेपेक्षाही कमी बोललो. मग मागच्या रांगेतला म्हातारा दगडोबा हलक्या आवाजात म्हणाला, "बदनेकायी." त्याच्या शेजारच्यानं तोंडावर टॉवेल धरला. मग ती सगळी रांग हलायला लागली. बायकांच्या बाजूनं रहमतबीचा आवाज आला, "हागलकायी." स्वामींना कन्नड येतं. त्यांना वाटलं असावं, जेवणात काय आहे ते कळवताहेत. त्यांनी मान डोलावली.

"घर काढून घेतलं म्हंजे कळंल," काका माझ्याजवळ येऊन म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तेही हसत होते.

जेवणं उरकल्यावर सुकन्यानं विचारलं, लोक कशाला हसत होते? आम्ही दोघं आजीच्या घरापर्यंत चालत गेलो. चालताना तिला सगळं सांगितलं. मला गोष्ट सांगता येत नाही, मी पायऱ्या-पायऱ्यांनी सांगतो. तरी ती जिलानीच्या उत्तराला मोठ्यानं हसली. रस्त्यात थांबून हसली. सुकन्या अशी हसते हे मी विसरलो होतो. मग आजीनं विचारलेला प्रश्न सांगितला. ती पुढं चालायला लागली.

दाराशी आल्यावर तिनं विचारलं, "आपण कधी भांडलो का हो?"

"कधीच नाही," मी म्हणालो. जरा अभिमानानंच म्हणालो.

ती "हं" म्हणाली आणि आत गेली. आज सकाळच्या गाडीनं दोघी नांदेडला गेल्या. प्रश्न सोपा होता, उत्तर बरोबर होतं. मार्क कुठं कापले गेले तेच कळत नाही.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. सुकन्याचा तिळगुळाचा मेसेज आला, तयार चित्र होतं. मीही एक तयार चित्र पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं, त्याच्या खाली आमच्या क्लासचा फोन नंबर होता.

१८ जानेवारी, गुरुवार

सुकन्याचा मेसेज: 'फ्लॅट पसंत आहे. सोमवारी टोकन देते. तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा.'

तीन उत्तरं लिहिली आणि पुसली. पहिलं, 'चांगलं आहे.' दुसरं, 'हवेशीर आहे का?' तिसरं आता आठवत नाही, पण त्यातही हवा होती.

सायंकाळी गिरिजाचा फोन.

"बाबा, तुम्ही आईला काही म्हणणार आहात का नाही?"

"म्हटलं की. तिला योग्य वाटेल ते..."

"ते उत्तर नाहीये, बाबा. तुमच्याच वर्गात कुणी असं लिहिलं तर तुम्ही शून्य द्याल." थोडं थांबून म्हणाली, "ती क्लासमधून आल्यावर मला विचारते, बाबांचा फोन आला का. रोज."

"मग तिनं करायचा."

"बाबा," गिरिजा म्हणाली आणि फोन ठेवला.

क्लासमध्ये आज एक सोपी बेरीज फळ्यावर चुकली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं दाखवली तेव्हा कळलं.

२२ जानेवारी, सोमवार

काल नांदेडला जाऊन आलो. कुणाला सांगितलं नव्हतं.

बसमध्ये मुद्द्यांची तयारी केली. फ्लॅट का घेऊ नये. अहमदपूरपर्यंत चार मुद्दे झाले. त्यातला पाण्याचा मुद्दा सगळ्यांत जोरदार होता. लोहा आल्यावर आठवलं, पाणी रेल्वेनं लातूरला आणावं लागलं होतं, नांदेडला गोदावरी आहे. तो मुद्दा सोडला. बाकीचे नांदेडच्या स्टँडवर उतरेपर्यंत आपोआप गेले.

सुकन्यानं दार उघडलं. हातात पेपरांचा गठ्ठा.

"फोन करायचा ना."

"फोन केला असता तर आलो नसतो."

ती बाजूला झाली. मी खुर्चीवर बसलो. गिरिजानं पाणी आणलं, दोघांकडं बघितलं आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली. दार मात्र उघडं ठेवलं. सुकन्यानं चहा केला. चहा अर्धा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. एरवी मला त्यात काही वाटलं नसतं.

"टोकन उद्या देणार?" मी विचारलं.

"हो."

"देऊ नकोस."

"का?"

मुद्दा एकही नव्हता. म्हणालो, "मला आवडत नाही."

"फ्लॅट? तुम्ही बघितलाय कुठं?"

"तू इथं असलेली. तू आलीस तेव्हापासून आवडत नाही."

सुकन्यानं कप खाली ठेवला. आवाज झाला.

"तेव्हापासून? आणि आज सांगताय? मी निघाले तेव्हा काय करत होतात तुम्ही? खोक्यांवर नावं घालत होतात. 'स्वयंपाकघर, जड.' मी दारात उभी होते, तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, स्केचपेन संपलं."

"संपलंच होतं."

"मला माहितीये संपलं होतं."

"तू तरी म्हणालीस का, मला थांबवा म्हणून?"

"थांबवा म्हणून सांगायचं असतं?"

"मला सांगावं लागतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्याहून मोठा होता. "मला आजवर कुणी काही सांगितलं नाही. आजीनं नाही, आजोबांनी नाही. मी मधे बसून गणितं करत होतो आणि कुणी सांगितलं नाही, ऊठ म्हणून. तूही नाही."

"तुम्ही विचारलंत का कधी? एकदा तरी? आजी गेल्या तेव्हा वाटलं, आज तरी हा माणूस माझ्याशेजारी येऊन बसेल. मी बायकांत बसून तुम्हाला शोधत होते. मी काय एकटीनं रडायला आले होते तिथं?"

हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. शेडमध्ये ते आजीनं म्हटलं होतं. सुकन्याच्या ते लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल. मला काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. मी तिथंच खुर्चीत रडलो. आजीसाठी, असं आधी वाटलं. मग आई-वडिलांसाठी. मग कुणासाठी ते कळेना, पण थांबेना. आवाज बाहेर जात असणार, कारण घरमालकीण दाराशी येऊन विचारायला लागली, "ताई, सगळं ठीक ना?"

गिरिजानं जाऊन दार अर्धं उघडलं.

"ठीक आहे काकू. बाबा आलेत."

नंतर आम्ही परत भांडलो. माझ्या आईच्या साडीवरून, मी वाढदिवसाला पाठवलेल्या कुकरवरून, एका लग्नाला मी आलो नव्हतो त्यावरून. ते लग्न मला आठवतही नव्हतं, तरी मी जोरात बाजू मांडली. मधे जेवलो. जेवताना भांडलो नाही, फक्त सुकन्या म्हणाली की मी ताटात कायम भात उरवतो, आणि मी तो संपवला.

पहिल्या बॅचला लातूरला पोचायचं म्हणजे संध्याकाळची गाडी धरणं भाग होतं. सुकन्या जिन्यापर्यंत आली. टोकनचं विचारावं की नाही, ते कळेना. शेवटी विचारलंच.

"उद्या नाही देत," ती म्हणाली. "पण मी लातूरला येते असंही म्हणत नाहीये. ते वेगळं."

"हो."

"पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं या. माझं निम्मंसुद्धा बोलून झालेलं नाही."

आज घसा पूर्ण बसलाय. तिन्ही बॅचला फळ्यावर लिहूनच शिकवलं. संचालकांनी विचारलं, सर, आवाजाला काय झालं? मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, नांदेडला गेलो होतो.